आईचं रेशन आणि श्रावणबाळ: दोन्ही एका अर्जात घालू नका

तुम्ही लिहिलंय की आईचा अंगठा पॉस मशीनवर उठत नाही म्हणून दुकानदार धान्य देत नाही, श्रावणबाळचे (गरीब वृद्धांना मिळणाऱ्या मासिक अनुदानाचे) दीड हजारही येईनासे झालेत, आणि तहसीलमध्ये "वरून बंद झालंय" एवढंच उत्तर मिळतं.

या दोन तक्रारी वेगळ्या ठेवा. रेशन हा संसदेच्या कायद्याने दिलेला हक्क आहे. श्रावणबाळ योजना शासन निर्णयावर, म्हणजे राज्य सरकारच्या आदेशावर चालते. म्हणून दाद मागायच्या जागाही वेगळ्या.

आधी रेशन. कार्डावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का आहे का ते पाहा, नुसतं केशरी कार्ड पुरत नाही. शिक्का असेल तर राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम ३ प्रमाणे महिन्याला माणशी ५ किलो धान्य हक्काचं आहे. अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब कुटुंबांचं कार्ड असेल तर कुटुंबाला ३५ किलो. अंगठा उठला नाही म्हणून पात्र माणसाला उपाशी ठेवता येत नाही. आधारच्या खटल्यात केंद्र सरकारनेच सर्वोच्च न्यायालयाला तशी ग्वाही दिली होती आणि २०१८ च्या निकालात ती नोंदलेली आहे. म्हाताऱ्या, राबलेल्या हातांच्या रेषा पुसट होतात, हे दुकानदारालाही ठाऊक असतं.

कोणकोणत्या महिन्यांचं धान्य मिळालं नाही ते लिहून जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. तिथे न्याय मिळाला नाही तर राज्य अन्न आयोगाकडे अपील आहे. त्या अधिकाऱ्याने सांगूनही सबळ कारणाशिवाय एखाद्या सरकारी अधिकाऱ्याने लाभ अडवला, तर कलम ३३ खाली आयोग ५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो. अर्जात हे कलम लिहाच.

श्रावणबाळसाठी असं दंडाचं कलम नाही, तिथे कागदच कामाला येतो. पण त्याआधी बँकेत जाऊन आईचं आधार कोणत्या खात्याला जोडलंय ते विचारा. बऱ्याचदा पैसे थांबलेले नसतात, मागे कधीतरी उघडलेल्या दुसऱ्याच खात्यात पडत असतात. तसं नसेल तर माहिती अधिकाराचा जोडपत्र 'अ' चा अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, तहसीलला द्या. मागायचं एवढंच: अनुदान बंद केल्याचा आदेश, त्याची तारीख आणि त्यामागच्या टिपणीची प्रत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा. हयातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला राहिला असं निघालं, तर तो लगेच जमा करा आणि दाखल्यासोबतच्या अर्जात थकलेल्या महिन्यांची रक्कमही मागा.