लायसन घरी, चलन पाच हजारांचं

प्रश्न: मी गुहागर तालुक्यात राहते. गेल्या सोमवारी सासूबाईंची औषधं आणायला स्कूटरवरून दापोलीला निघाले. पाऊस होता म्हणून पर्स घरीच ठेवली, पैसे आणि मोबाइल तेवढा प्लास्टिकच्या पिशवीत घेतला. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरले आणि पुढे नाकाबंदीत अडवलं. लायसन पर्समध्ये राहिलेलं. हवालदारांनी चावी काढून घेतली, चलन केलं, मग सोडलं. संध्याकाळी मुंबईहून मिस्टरांचा फोन, पाच हजारांचा मेसेज आलाय. गाडी त्यांच्या नावावर आहे. लायसन मी २००५ साली काढलंय, तेव्हा पंचविशीही झाली नव्हती. एवढे पैसे भरावेच लागतील का?

उत्तर: ताई, मिस्टरांनी अजून भरले नसतील तर त्यांना थांबायला सांगा. एकदा भरले की तडजोड झाली, म्हणजे दंड मान्य करून प्रकरण मिटवलं, असं धरतात, आणि मग ते परत मागणं म्हणजे दाभोळच्या खाडीत पडलेली चावी शोधणं. मेसेजमधली लिंकही उघडू नका, हल्ली खोट्या चलनांचे मेसेज फार फिरतात. वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडीचा नंबर टाका आणि कलम कोणतं लावलंय ते वाचा.

तिथे ३/१८१ दिसेल असा माझा अंदाज आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ३ म्हणजे वैध लायसनशिवाय गाडी चालवणं, आणि १८१ म्हणजे त्याची शिक्षा: पाच हजार दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. लायसन आहे पण मागितल्यावर दाखवता आलं नाही, हा गुन्हा वेगळा. तो कलम १३० खाली येतो आणि १७७ प्रमाणे पहिल्या खेपेला दंड पाचशेपर्यंत. आपण बोलताना दोन्हीला 'लायसन नाही' म्हणतो, घोळ तिथेच होतो. हवालदारांनी विचारलं असेल, 'लायसन आहे?' भर पावसात हेल्मेटची काच पुसत तुम्ही म्हणाला असाल, 'नाही हो.' मशीनवर तेच चढलं.

केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ तुमच्या कामाचा आहे. कागद जवळ नसेल तर मागणी झाल्यापासून १५ दिवसांत त्याची साक्षांकित प्रत, ज्या अधिकाऱ्याने मागितली त्याच्याकडे नेऊन द्यायची किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवायची. पोस्टाच्या भानगडीत पडू नका, स्वतः जा. मूळ लायसन दाखवा, साक्षांकित प्रत आणि दोन ओळींचा अर्ज द्या: त्या दिवशी लायसन वैध होतं, फक्त जवळ नव्हतं, तरी कलम दुरुस्त करावं. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. माझ्याकडे येणारे निम्मे अशील ही पोचच विसरतात. ई-चलन संकेतस्थळावरही तक्रार टाका. तरी ऐकलं नाही तर चलन न भरता प्रकरण न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जाऊ द्या, तिथे वैध लायसन हाच तुमचा बचाव.

चावी काढून घेता येते का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. चावी काढा असं कायद्यात लिहिलेलं नाही. मात्र लायसनच नाही असं मानायला सबळ कारण असेल तर कलम २०७ खाली अख्खी गाडी अडकवून ठेवता येते. म्हणून त्यावर वाद घालण्यात मला अर्थ दिसत नाही, गाडी तर मिळाली.

मोबाइल जवळ होता, त्यात डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर लायसन असतं तर हे रामायण घडलंच नसतं. २०१८ पासून ते मूळ कागदासारखंच चालतं. गॅलरीतला फोटो किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलेली झेरॉक्स मात्र चालत नाही. लायसन जुनं पुस्तकी असेल तर अ‍ॅपमध्ये बहुधा सापडणार नाही, आधी आरटीओत त्याची संगणकावर नोंद करून घ्यावी लागेल.

आता मला खटकलेली गोष्ट. २००५ साली. त्या काळी लायसन २० वर्षं किंवा पन्नाशी पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालायचं. तुमचा हिशोब २०२५ मध्ये संपतो. तेव्हा पोलिसांकडे जाण्याआधी पर्समधून ते काढा, आमच्याकडच्या दमट हवेत अक्षरं पुसट झाली असतील तर उजेडात धरा, आणि मुदतीची तारीख वाचा. मुदत सोमवारच्या आधीच संपली असेल तर वर सांगितलेलं सगळं विसरा, १८१ बरोबर लागलंय. पूर्वी मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत मिळायची, ती २०१९ च्या दुरुस्तीने गेली. शिवाय गाडी मिस्टरांची, म्हणून चलनात कलम १८० ची आणखी एक ओळ आहे का तेही बघा. बिनलायसनच्या माणसाला गाडी दिल्याचा तो गुन्हा असतो, दंड पुन्हा पाच हजार.

तसं निघालंच तर मुकाट्याने भरा आणि नूतनीकरणाचा अर्ज करा. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागेल. चाळिशी झाली असल्यास डॉक्टरांचा दाखला, म्हणजे नमुना १-अ, लागतो. नवीन लायसन हातात येईपर्यंत स्कूटर अंगणातच राहू दे. तेवढ्या काळात अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याला भरपाई देऊन तीच रक्कम मिस्टरांकडून वसूल करू शकते. सासूबाईंची औषधं तोवर एसटीने आणा.