एंडोफाइट म्हणजे परजीवी नव्हे

प्रश्न असा आलाय की झाडाच्या आत राहून प्रदूषण साफ करायला मदत करणारे जे बॅक्टेरिया असतात, एंडोफाइट, त्यांना मराठीत 'अंतर्परजीवी' म्हटलं तर चालेल का. नाही चालणार. परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगून त्याचंच नुकसान करणारा, उवा, जंत, बांडगूळ वगैरे. हल्ली आत राहणारा दिसला की ठोकला परजीवीचा शिक्का, वाचून डोकं फिरतं. एंडोफाइट मुळं, खोड, पानं यांच्या आत राहतात आणि झाडाला आजारी पाडत नाहीत, आज शब्द वापरतात तो याच अर्थाने.

'फाइट' म्हणजे वनस्पती, ते सोडा (ग्रीक 'फायटॉन', वाढणे या धातूवरून, आपल्या 'भू'चा चुलतभाऊ). मजा 'एंडो'त आहे. सगळे 'एंडो म्हणजे आत' सांगून मोकळे होतात, पण ग्रीक 'एंडॉन'मधला 'एन' म्हणजे आत आणि उरलेला तुकडा म्हणजे घर! मूळ अर्थ 'घरात'. तेच घर लॅटिनमधे 'डोमुस' आणि वैदिक संस्कृतात 'दम', ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नी 'स्वे दमे' म्हणजे आपल्या घरात वाढतो. आणि आपला दंपती? दम्-पती, घराचा धनी. परंपरेतले वैयाकरण म्हणतात की जाया (म्हणजे बायको) आणि पती मिळून दंपती, 'जाया'च्या जागी 'दम्' येतो. का येतो? तर निपातन, म्हणजे येतो म्हणून येतो! अहो, ऋग्वेदात एकट्या अग्नीलाही एकवचनात दंपती म्हटलंय, तिथे जाया कुठून आणणार? एवढं ढळढळीत असून शाळेत अजून जाया-पतीच शिकवतात.

तर एंडोफाइट घरातला माणूस आहे. म्हणून माझं मत 'अंतर्निवासी'ला. 'अंतर्वनस्पती' नको, शब्दशः तेच होतं हे मान्य, पण बॅक्टेरियांना वनस्पतींत मोजायचे तो काळ कधीच गेला. कोणीतरी आता डी बारी या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांना मधे आणणार, की 1866 मधे त्यांनी एंडोफाइट शब्द वापरला तेव्हा रोग पाडणाऱ्या बुरशाही त्यात धरल्या होत्या. होत्या, बरोबर. मग त्यांच्या 'सिंबायोसिस'मधे पण परजीवी धरलेले होते, तरी तुम्ही त्याला खुशाल सहजीवन म्हणून दोघांचा फायदा सांगताच ना?

दुसरी चीड 'झाडं प्रदूषण शोषून घेतात' या वाक्याची. शोषणं आणि मोडणं वेगळं हो. ट्रायक्लोरोइथिलीन घ्या, धातूच्या भागांवरचं ग्रीस काढायचं सॉल्व्हंट, भूजलात मुरलेलं असतं. पॉपलरचं झाड ते पाण्याबरोबर वर ओढतं, काही स्वतः मोडतं, पण काही पानांतून हवेत सोडून देतं, म्हणजे तेवढी घाण फक्त जमिनीतून हवेत गेली. अमेरिकेत संशोधक शॅरन डॉटींच्या टीमला पॉपलरमधेच एंटेरोबॅक्टर जातीचा पीडीएन3 नावाचा बॅक्टेरिया सापडला, तो हे रेणू मोडतो आणि क्लोराइड सुटं होतं. कॅलिफोर्नियातल्या एका प्रदूषित जागेवर त्यांनी हा बॅक्टेरिया दिलेली झाडं लावली, 2017 मधे निकाल छापले, ती झाडं बाकीच्यांपेक्षा जोमाने वाढली आणि मुळांजवळच्या मातीत क्लोराइडही जास्त मिळालं. इथे क्रियापद 'मोडणे'च हवं, आणि त्याचा कर्ता एकटं झाड नाही.

शिसं, कॅडमियम यांचं मात्र वेगळं. ती मूलद्रव्यं, बॅक्टेरियाने कितीही जोर लावला तरी मोडणार नाहीत. तिथे अंतर्निवासी झाडाला तगायला मदत करतात, काही जण इथिलीन हा ताणाचा हार्मोन ज्यापासून बनतो तो पदार्थच तोडून टाकतात, त्यामुळे विषारी मातीतही मुळं वाढत राहतात. तिथे 'शोषून घेतं' म्हणा खुशाल, फक्त मग ते झाड कापून वेगळं न्यावं लागतं, नाहीतर पानं गळली की धातू परत मातीत.