‘आम्ही’, ‘आपण’ आणि राहून गेलेला ‘मी’

मूळच्या सटाण्याच्या, आता नाशिकला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरच्या बोलीवरच्या लेखात त्यांनी लिहिलंय: “आम्ही अहिराणी बोलतो, पण आपण ती विसरत चाललो आहोत.” वाचणाऱ्याने सांगितलं, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतलं एकच ठेवा. शिवाय ‘मी’ फार येतो, म्हणून ‘प्रस्तुत लेखिका’ लिहावं का?

व्याकरणात चूक नाही. “आम्ही निघालो” म्हटलं की ऐकणारा घरीच राहतो. “आपण निघालो” म्हटलं की तोही चपला घालतो. हिंदीतल्या ‘हम’ला हा भेद दाखवता येत नाही, गुजरातीत मात्र ‘अमे’ आणि ‘आपणे’ आहेत. तेव्हा एका वाक्यात दोन्ही येऊ शकतात. फक्त कोण आत, कोण बाहेर हे खरं असायला हवं.

तिथे मला अडखळायला होतं. ‘आम्ही’ म्हणजे तुमच्या घरचे, ठीक. पण ‘आपण’ कोण? लेख वाचणाऱ्या नाशिकच्या पंचवटीतल्या किंवा सिडकोतल्या कितीतरी जणांच्या घरात अहिराणी कधी नव्हतीच. जे आलंच नाही ते विसरणार कसं? विसरताय तुम्ही, ताई. तिथे ‘मी’च हवा.

‘मी’ जास्त होतो म्हणता, तर मराठीत तो गाळता येतो. “सुट्टीत सटाण्याला जायचे, आजीजवळ बसायचे.” यात ‘मी’ कुठे नाही, तरी मागचं-पुढचं वाचताना ‘जायचे’वरून बोलणारी बाई आहे हे कळतं; पुरुष ‘जायचो’ म्हणाला असता. ‘प्रस्तुत लेखिका आजीजवळ बसायची’ लिहून पाहा, आजी लगेच परकी होते. असं कृपया लिहू नका.

याहून मोलाचं वाटतं ते ‘मला’. आपण “मला अहिराणी येते” म्हणतो. येणारी भाषा, आपण ती जिच्याकडे येते ती व्यक्ती. “मी अहिराणी बोलते” यात मात्र करणारी तुम्ही. ही दोन वाक्यं एक नव्हेत. मागे नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावर सटाण्याच्या गाडीत एक मुलगी कंडक्टरला म्हणाली, “मला एक सटाणा द्या.” लगेच फोन वाजला आणि ती हळू आवाजात अहिराणीत म्हणाली, “माय, माले उशीर हुई.” ‘मला’ आणि ‘माले’, मध्ये मिनिटही गेलं नव्हतं. आवाज का उतरला, ते तिलाच ठाऊक. पण तो उतरला, हे मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून तुमचं वाक्य मी असं करेन: “घरी आम्ही अहिराणी बोलतो. मला ती येते, पण बाहेर मी बोलत नाही.”

‘विसरत चाललो’ हे त्यानंतर लिहायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.