महिरप आणि मिहराब

सायप्रसमधील फामागुस्ता येथील, मूळच्या चर्चची मशीद झालेल्या लाला मुस्तफा पाशा मशिदीविषयी लिहिताना ‘जुन्या चर्चच्या दक्षिण बाजूला महिरप बसवली’ असे म्हणता येईल का, असा प्रश्न आहे. माझ्या मते म्हणू नये, जरी ‘महिरप’ हा शब्द मुळात अरबी ‘मिहराब’च असून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला असला तरी.

मिहराब म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा, मशिदीच्या भिंतीतला कोनाडा. त्याचा माथा बहुधा कमानदार असतो. मराठीने तेवढा आकार उचलला आणि दिशेचा अर्थ सोडून दिला. म्हणून आपली महिरप वाड्यातल्या लाकडी खांबांमध्ये शोभते, आणि लेखनातल्या महिरपी कंसालाही तिच्याच वळणाचे नाव मिळाले आहे.

या इमारतीत तर दिशा हाच कळीचा मुद्दा आहे. सायप्रसवर राज्य करणाऱ्या लुझिन्यां घराण्याच्या काळात, 1300 च्या सुमारास बांधायला घेतलेले हे संत निकोलसचे कॅथेड्रल (मुख्य चर्च) फ्रेंच गॉथिक शैलीतले आहे, आणि सायप्रसच्या राजांना जेरुसलेमचे राजे म्हणून मुकुट येथेच चढवला जाई. त्याचे प्रवेशद्वार पश्चिमेला आणि वेदी पूर्वेला होती. 1571 मध्ये ऑटोमन सैन्याने शहर जिंकल्यावर त्याची मशीद झाली, मूर्ती आणि वेदी गेल्या, वायव्येच्या मनोऱ्यावर मिनार चढला. पण सायप्रसहून मक्का आग्नेयेस, त्यातही बरीचशी दक्षिणेकडे येते. त्यामुळे मिहराब वेदीच्या जागी न येता दक्षिणेच्या बाजूला आला, आणि पूर्वेकडे धावणाऱ्या उंच खांबांच्या रांगांना आडवे होऊन नमाजाच्या रांगा लागू लागल्या. इस्तंबूलच्या हागिया सोफियात, म्हणजे अशाच चर्चची मशीद झालेल्या इमारतीत, मूळ वास्तूच आग्नेयेकडे झुकलेली असल्याने मिहराब वेदीकडच्या टोकालाच, किंचित बाजूला सरकवून, बसवता आला. हा फरक ‘महिरप’ या शब्दातून मुळीच कळत नाही.

दुसरी अडचण अशी की या वास्तूत खिडक्यांपासून छतापर्यंत टोकदार कमानीच कमानी आहेत, आणि ‘महिरप’ वाचताच मराठी वाचक त्यांच्यातलीच एखादी डोळ्यांपुढे आणील. त्या गॉथिक कमानींनाही मी ‘महिरप’ म्हणणार नाही, कारण त्या केवळ सजावटीच्या नसून छताचा भार पेलतात. त्यांना ‘टोकदार कमान’ हेच नाव योग्य आहे. वाक्य असे लिहावे : ‘टोकदार कमानींच्या या जुन्या कॅथेड्रलमध्ये दक्षिण बाजूला मिहराब केला आहे.’