रुग्णांची फेरी घ्यायची तर 'आज नाही' म्हणता यायला हवं

प्रश्न असा आहे: विमान चालवायचं प्रायव्हेट लायसन्स आहे, उड्डाणाचे दोनशेच्या आसपास तास झालेत, इन्स्ट्रुमेंट रेटिंग (ढगांत बाहेरचं काही दिसत नसताना उपकरणांच्या भरवशावर उडायची परवानगी) नाही; अमेरिकेत रुग्णांना विनामूल्य नेणाऱ्या संस्थेत नाव द्यावं का?

द्या, पण आधी रेटिंग घ्या. नियमावर बोट ठेवून हे सांगत नाहीये. २०१७ साली ऑस्ट्रेलियात माउंट गॅम्बियरहून अशाच फेरीवर निघालेलं छोटं विमान खालच्या ढगांत अडकून पडलं आणि तिघे गेले. फेरी नजरेच्या भरवशावर उडण्याच्या नियमांखाली होती. मागे बसलेल्या माणसाची डॉक्टरांची वेळ ठरलेली असते, आणि ढग बघताना तीच वेळ आपल्या डोक्यात घुमत राहते. एकटे असतो तर घरी गेलो असतो अशा हवेत मग आपण निघतो. आणि रेटिंग आलं म्हणून हे दडपण जातं असं नाही, बरं का.

बाकी हे अँब्युलन्सचं काम नव्हे. रुग्ण स्थिर असतो, स्वतः चढून पट्टा लावून बसतो. बहुतेक वेळा केमो नाहीतर तपासणी असते. अमेरिकेतली एंजल फ्लाइट वेस्ट ही संस्था १९८३ पासून हेच करते आहे. पैसे घ्यायचे नाहीत, इंधन आपल्या खिशातून. (करात इंधनाचा खर्च देणगी म्हणून दाखवता येतो, हँगर आणि विम्याचा नाही.)

आदल्या संध्याकाळी रुग्णाला स्वतः फोन करा. वजन विचारायला लाजू नका, बॅगेसकट विचारा. सेस्ना १७२ या चार आसनी विमानाची टाकी पूर्ण भरली की ५३ गॅलन, म्हणजे विमानाला झेपणाऱ्या वजनातले ३१८ पौंड तिथेच गेले. रुग्ण, सोबतीण आणि व्हीलचेअर मग कशात बसवणार? डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर आत वायूचा बुडबुडा सोडलाय का, हे विचाराच. आपल्या केबिनमध्ये हवेचा दाब राखलेला नसतो, वर गेलं की तो कमी होतो. आठ हजार फुटांवर तो बुडबुडा तिसऱ्या हिश्श्याने फुगू पाहतो आणि दृष्टी जाऊ शकते. असेल तर फेरी नाही. फुप्फुसाच्या रुग्णाबाबत त्याच्या डॉक्टरांचं लेखी घ्या. विमानात टॉयलेट नाही, हेही सांगून टाका.

आणि शेवटचा प्रश्न: "उद्या मी आलो नाही तर कसे जाल?" उत्तर मिळेपर्यंत फोन ठेवू नका.

मागच्या हिवाळ्यात पहाटे पाचला मी एक फेरी रद्द केली. कसं सांगायचं म्हणून अर्धा तास फोन हातात धरून बसलो होतो. बाई म्हणाल्या, "बरं, मग मुलगा गाडी काढतो. तुम्ही झोपा."