नववीच्या मुलांचा भूमितीतला विचार: एम.एड.च्या लघुप्रबंधाला विषय कोणता घ्यावा?

मुलांच्या भूमितीतल्या विचारावर हल्ली संशोधन कुठल्या दिशेने चाललंय आणि वाशीतल्या नववीच्या एका वर्गावर काय करता येईल, असं तुम्ही विचारलंय. आधी एक सांगतो, 'जिओजेब्रामुळे (भूमितीच्या आकृत्या काढण्याच्या सॉफ्टवेअरमुळे) गुण वाढतात का' हा विषय घेऊ नका. त्यावर ढीगभर काम झालंय, आणि गुण वाढले तरी मुलाच्या डोक्यात काय बदललं ते कळत नाहीच.

पाया अजूनही व्हॅन हिले या डच शिक्षक दांपत्याच्या १९५७ च्या कामाचाच, म्हणजे भूमितीतल्या विचाराच्या पाच पायऱ्यांचा: आकृती नुसती ओळखणं, गुणधर्म सांगणं, गुणधर्मांचा एकमेकांशी संबंध लावणं, सिद्धता, आणि शेवटी गृहीतकांच्या पातळीवरचा काटेकोर विचार. या पायऱ्या कुणी ० ते ४ मोजतं, कुणी १ ते ५. जुने निष्कर्ष शेजारी मांडताना तिथेच घोळ होतो.

मूल कुठल्या पायरीवर आहे ते ठरवायला बहुतेक जण गणित-शिक्षणाचे अमेरिकन अभ्यासक युसिस्किन यांची १९८२ ची चाचणी उचलतात: २५ प्रश्न, दर पायरीला ५, प्रत्येकाला ५ पर्याय. पाचांपैकी ३ बरोबर म्हणजे पायरी पार, असं धरलं तर निव्वळ अंदाजाने पार होण्याची शक्यता जवळपास ६ टक्के. ४ धरले तर १ टक्क्याहूनही कमी, पण मग येत असूनही एखादी चूक जास्त करणारी मुलं गळतात. काही मुलं तिसरी पार करतात आणि दुसरी नाही. त्यांचं काय करणार ते आधीच लिहून ठेवा.

म्हणूनच कल आता मुलाला पायरीवर बसवण्यापेक्षा तो आकृतीकडे कसा बघतो, याकडे झुकलाय. गणित-शिक्षणाचे अभ्यासक फिशबाइन यांचं १९९३ चं म्हणणं असं की भूमितीतली आकृती चित्रही असते आणि संकल्पनाही. मुलं चित्राला धरून बसतात. विशालकोन त्रिकोणात लघुकोनाच्या शिरोबिंदूतून शिरोलंब काढायला सांगा, तो खरं तर बाहेर पडतो, पण बरीच जण तो ओढूनताणून त्रिकोणाच्या आतच काढतात. पाया तिरका दिला की कागद फिरवून आडवा करतात. तो कागद फिरवणं हीच तुमची नोंद, लेखी चाचणीत ती सापडत नाही.

मी असतो तर मराठी आणि सेमी इंग्रजी तुकड्यांची तुलना केली असती. 'समभुज' या शब्दातच व्याख्या आहे, त्याच चौकोनाच्या 'ऱ्हॉम्बस' या इंग्रजी नावात काहीच नाही. मग 'चौरस समभुज चौकोन आहे का?' याला मराठीतली मुलं सहज 'हो' म्हणतात का? प्रत्येक तुकडीतली ८-१० मुलं, प्रत्येकी २० मिनिटं मुलाखत, हातात पेन्सिल, आणि दर उत्तरामागे 'कशावरून?'. चौकोन तिरके छापा. नावं छापू नका, नाहीतर मुलं वाचून उत्तर देतील.

संदर्भांसाठी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं काम बघा, वाशीहून खाडी ओलांडली की पहिलंच स्टेशन.