वाचकांचे प्रश्न : घरखर्चाचे अंदाजपत्रक दरमहा का कोलमडते?

प्रश्न : गेले काही महिने मी घरखर्चाचे अंदाजपत्रक लिहीत आहे. घरभाडे, किराणा, वीज, प्रवास असे सगळे रकाने त्यात आहेत. तरीही कधी विम्याचा हप्ता, कधी मुलांची फी, तर कधी वाहनाची दुरुस्ती असे काहीतरी अचानक निघते आणि हिशेब बिघडतो. माझे काय चुकते? उत्पन्नाची ५०-३०-२० अशी विभागणी करावी, असे वाचनात येते. ती पाळावी का?

उत्तर : आपण अचानक म्हणून सांगितलेल्या तीन खर्चांपैकी दोन मुळीच अचानक नाहीत. विम्याच्या हप्त्याची तारीख आधीपासून ठरलेली असते आणि फी केव्हा भरायची, हेही बहुधा वर्षाच्या आरंभीच कळते. दुरुस्तीचा दिवस सांगता येत नाही हे खरे. पण घरात वाहन आहे म्हटल्यावर तो खर्च कधी ना कधी होणारच. आपले सर्व रकाने दरमहा येणाऱ्या खर्चांचे आहेत. वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चांना त्यांत जागाच नसल्यामुळे ते आले की दुसऱ्या रकान्यातून पैसे उचलावे लागतात.

म्हणून आखणी महिन्यापासून न करता वर्षापासून करावी. मागील बारा महिन्यांचे बँकेचे खातेउतारे समोर घेऊन दरमहा न येणारा प्रत्येक खर्च शोधावा, त्यांची बेरीज करावी आणि तिला १२ ने भागावे. बेरीज ६०,००० आली, तर ५,००० हा आपला दरमहाचा खर्चच आहे असे समजून, उत्पन्न हाती येताच ती रक्कम वेगळ्या खात्यात वळवावी. खाते वेगळे हवे, कारण एरवी ज्या महिन्यांत असा खर्च येत नाही, त्या महिन्यांत ही रक्कम शिल्लक असल्यासारखी भासते आणि खर्चून जाते. पहिल्या वर्षी एक अडचण येते : हप्ता चारच महिन्यांवर आला असेल, तर १२ ने भागून येणारी रक्कम पुरत नाही, त्या खेपेपुरते उरलेल्या महिन्यांनीच भागावे आणि तेवढी ओढाताण सोसावी. नोकरी जाणे किंवा मोठे आजारपण यांसाठीची तजवीज मात्र निराळी. तिच्यासाठी साधारणपणे ३ ते ६ महिन्यांच्या आवश्यक खर्चाइतकी रक्कम सुचवली जाते आणि ती या खात्यात मिसळू नये.

आता विभागणीविषयी. करवजा उत्पन्नातील ५० टक्के गरजांसाठी, ३० टक्के इच्छांसाठी आणि २० टक्के बचत व कर्जफेडीसाठी, असे ते सूत्र आहे. लक्षात ठेवायला ते सोपे आहे, यापलीकडे मी त्याला फार महत्त्व देत नाही. जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच दाखवून दिले होते की कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा असतो. साहजिकच कमी उत्पन्नाच्या घरात गरजाच ७०-८० टक्क्यांवर जाऊ शकतात, आणि त्यात त्या घराचा उधळेपणा नसतो. आपली खरी टक्केवारी आधी काढावी आणि मग ती कोणत्या दिशेने सरकवता येईल ते पाहावे.

प्रश्न : माझे उत्पन्न दर महिन्याला कमीजास्त होते. अंदाजपत्रक कोणत्या आकड्यावर बेतावे?

उत्तर : सरासरीवर बेतू नये, सरासरीपेक्षा कमी मिळकतीचे दोन-तीन महिने लागोपाठ आले, तर उसनवारी अटळ होते. मागील वर्षातील सर्वांत कमी मिळकतीच्या महिन्यावर आवश्यक खर्च बसवावेत आणि अधिक मिळेल तेव्हा वरची रक्कम आधी पुढच्या महिन्याच्या खर्चासाठी राखून ठेवावी. त्या किमान आकड्यात आवश्यक खर्चही बसत नसतील, तर आकडेमोडीने काही साधणार नाही. भाडे किंवा कर्जाचा हप्ता यांसारखा एखादा मोठा खर्चच कमी करावा लागेल.

प्रश्न : क्रेडिट कार्डावरील खरेदी कोणत्या महिन्यात मांडावी?

उत्तर : ज्या दिवशी खरेदी झाली त्या दिवशी. बिल भरताना ती पुन्हा खर्चात धरू नये. मात्र बिल थकल्याने व्याज लागले, तर त्याला स्वतंत्र रकाना द्यावा.